हातातलं ठेवून येणारी माणसं

अर्धी वस्ती विहिरीभोवती गोळा झाली होती. कुणाच्या डोक्यावर ज्वारीची पाटी, कुणाच्या खांद्यावर लाकडं, एकीच्या कडेवर पाण्याची घागर. विहीर बांधायला तिघं पुरे होते. बाकीचे नुसते कडेनं फिरत होते, आपल्याला कुठं शिरायला मिळतं का बघत. तिकडं कोठारात दाणा उरला नव्हता. स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल अक्षरं चमकायला लागली आणि थोड्या वेळात वस्ती उठली. म्हणजे आम्ही हरलो.

व्हिडिओ कॉलवर नंदिनी मॅडम होत्या. त्या आमच्या क्लायंट. त्यांची कंपनी गेम बाजारात आणते, आमचा स्टुडिओ तो बनवून देतो. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि अगदी शांतपणे विचारलं, "शबाना, ही माणसं विहीर बांधतायत का बारशाला आलीयत?"

पुण्याच्या ऑफिसातून केदार सर कॉलवर होते. ते माझे बॉस. ते हसले नाहीत. माझ्या शेजारी बसलेला बापू मात्र हसला आणि मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

मी गेमप्ले प्रोग्रामर आहे. आमच्या आष्टीत हे सांगितलं की लोकांना वाटतं, ही पोरगी दिवसभर गेम खेळते. खेळते, पण ते कामाच्या शेवटी. आधी तो गेम चालवायचा असतो. आमचा गेम ज्या जातीचा आहे तिला रिअल-टाइम स्ट्रॅटेजी म्हणतात. बुद्धिबळात तुम्ही एक चाल करता, मग समोरचा करतो. इथं पाळी नसते. घड्याळ सगळ्यांचं एकदमच चालतं. तुमच्याकडं थोडी माणसं असतात, त्यांना वर्कर म्हणतात. ती लाकूड तोडतात, दगड फोडतात, धान्य आणतात आणि त्याच सामानातून इमारती बांधतात. माणूस बांधकामाला लावला की तो धान्य आणत नाही. धान्याला लावला की बांधकाम अडतं. सगळा खेळ तिथंच आहे. लढाया वगैरे नंतरच्या गोष्टी, त्या जाहिरातीत दाखवायला बऱ्या असतात.

आमच्या गेमची खासियत अशी की वर्कर स्वतःचं स्वतः ठरवतात. खेळणाऱ्यानं फक्त सांगायचं, इथं विहीर हवी. कुणी जायचं, किती जणांनी जायचं, हे माणसांनी आपापसात बघायचं. तो भाग माझ्याकडं होता. आणि त्यात मी सावड घातली होती.

सावड म्हणजे काय ते आपल्याकडं सांगायला नको, पण मॅडमना सांगावं लागलं. आज माझ्या रानात तू ये, उद्या तुझ्या रानात मी येते. कुणाचं बांधकाम निघालं आणि आपण त्या रस्त्यानं चाललोय, तर बघून न बघितल्यासारखं पुढं जायचं नाही. दोन पाट्या उचलून द्यायच्या. दुसऱ्या गेममधले वर्कर मालकानं क्लिक केल्याशिवाय बोट हलवत नाहीत, शेजारी घर पडलं तरी. आमचे वर्कर वाटेत काम दिसलं की थांबायचे. ही कल्पना माझी आणि बापूची, आणि खोटं कशाला बोलू, आम्हाला तिचा फार अभिमान होता. कागदावर ती फार छान दिसत होती. चालू केल्यावर विहिरीवर बारसं झालं.

"हा भाग काढून टाका," मॅडम म्हणाल्या. "सगळ्या गेममध्ये असतं तसं साधं ठेवा. बेंगळुरूला आमची एक टीम आहे, त्यांच्याकडं वर्करचा कोड तयार आहे. तोच बसवू."

कॉल संपला. सरांनी मला परत फोन लावला. सर माणूस चांगला, पण वाईट बातमी सांगताना घसा फार खाकरतात. त्यांनी खाकरून सांगितलं की वर्करचा भाग गेला तर आष्टीच्या खोलीत करण्यासारखं काही उरत नाही. खोली बंद करावी लागेल. माझी काळजी नव्हती, पुण्यात माझी खुर्ची होती. मग त्यांनी आणखी एकदा घसा खाकरला. "बापूचं बघू काहीतरी," ते म्हणाले. काहीतरी बघू याचा अर्थ नोकरी केलेल्या प्रत्येकाला कळतो.

ही खोली आमच्या अब्बांच्या गॅरेजच्या वर आहे. खाली ट्रॅक्टर आणि टेम्पोची कामं चालतात, वर आमची. मी पुण्यात काही वर्षं काम करून परत आले, ते सरांशी भांडून. म्हटलं, इंटरनेट आष्टीतपण येतं, मला तिथून काम करू द्या आणि सोबत एक माणूस द्या. माणूस मीच शोधला. बापू बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेला, धनगराच्या घरचा. वडील आणि थोरला भाऊ मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने बाहेर. घरची जमीन आणि आजारी आई बापूकडं. तो पुण्याला जाऊ शकत नव्हता, आणि आष्टीत त्याच्या शिक्षणाचं काम देणारी आमची ही एकच खोली होती. ती बंद झाली असती तर मी पुण्याला गेले असते आणि बापूनं कुठल्यातरी दुकानात बिलं फाडली असती. एवढा हुशार पोरगा. मला ते सहन होणार नव्हतं.

मी सरांना सांगितलं, सावड काढणार नाही. दुरुस्त करते. बेंगळुरूचा कोड आणि आमचा कोड शेजारी शेजारी चालवून बघा, तोच नकाशा, तेवढीच माणसं. ज्यांची वस्ती आधी उभी राहील त्यांचा कोड ठेवा. सर म्हणाले, हट्टीपणा करू नकोस. मी म्हटलं, हट्टीपणाच आहे. शेवटी त्यांनी पुढच्या आठवड्यातला दिवस दिला, आणि म्हणाले की मॅडमना घेऊन मी स्वतः आष्टीला येतो. खोली बंद करायची वेळ आली तर ते फोनवर सांगायचं नाही, समोर सांगायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याबद्दल मी त्यांना आजही मानते.

बापूला सगळं खरं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. त्यानं खुर्ची स्क्रीनकडं ओढली. मग म्हणाला, "म्हंजी आता हे विहिरीवरचे लोकं पांगवायचे. चला."

पहिली दुरुस्ती सोपी होती आणि ती मला गॅरेजमुळं सुचली. इंजिनवर दोघं वाकले की काम पटापट होतं. तिसरा वाकला की उजेड अडतो. चौथा आला की गप्पा सुरू होतात. गेममध्येपण हेच असतं. एका वर्करला दुसरा मिळाला की काम बरंच लवकर होतं, तिसऱ्यामुळं थोडंसं, चौथ्यामुळं जवळजवळ काहीच नाही. पण त्या चौथ्यानं सोडलेलं धान्य मात्र पूर्ण बुडतं. म्हणून मी प्रत्येक इमारतीला जागा ठरवून दिल्या. झोपडीला दोघं, विहिरीला तिघं, कोठाराला चौघं. जागा भरल्या की बाकीच्यांनी मुकाट आपल्या वाटेनं जायचं.

गर्दी गेली. उपासमार राहिली. वस्ती पहिल्यापेक्षा थोडी उशिरा उठायची, एवढाच फरक.

मग आम्ही चिडलो. मी जास्त. बापू चिडला की आणखी शांत होतो आणि मला त्याचा आणखी राग येतो. तो म्हणायचा, जवळच्या माणसाऐवजी लांबचा बोलवू. मी म्हणायचे, लांबचा येईपर्यंत विहीर बांधून होईल. तो म्हणायचा, मग विहिरीला दोघंच ठेवू. ठेवून बघितले. उपाशीच. आकडे बदलून बदलून आम्ही दोघं कंटाळलो. असं नुसते आकडे फिरवत बसणं म्हणजे आजार न बघता गोळ्या बदलणं, हे मला कळत होतं, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

शेवटी बापूनं आकडे सोडले आणि गेम अगदी हळू चालवून एकाच वर्करच्या मागं लागला. एक बाई होती, रानातून ज्वारीची पाटी घेऊन कोठाराकडं चाललेली. त्याच्या घरात मेंढराचा कळप मोजत नाहीत, बघतात. कुठली मागं पडली, कुठली लंगडतेय. तसं तो बघत बसला.

"आपा," तो म्हणाला, "ही बघा. कोठाराच्या दारात आलती. दोन पावलं राहिली अन् माघारी फिरली."

"कावून फिरली?"

"विहिरीला एक जागा मोकळी झाली ना. हिला बोलावलं."

आम्ही परत चालवून बघितलं. खरंच. बाई कोठाराच्या उंबऱ्यापर्यंत आली, पाटी डोक्यावर, आणि तिथून वळून विहिरीकडं निघाली. ज्वारी डोक्यावरच. विहिरीचं काम होईस्तोवर ती ज्वारी तशीच तिच्या डोक्यावर, आणि घरात पोरं उपाशी. एकटीच नव्हती, असे बरेच निघाले. म्हणजे तिघांची जागा भरत होती ती नेमकी ज्यांनी यायला नको होतं त्यांनीच.

का, ते कळेना. कोड सांगत होता, जवळचा रिकामा माणूस बोलाव. ही बाई रिकामी कशी?

डोकं दुखायला लागलं म्हणून मी खाली चहा आणायला गेले. अब्बांकडं गिऱ्हाईक होतं, चहा झालेलाच होता. दोन्ही हातांत कप, एका बोटात बिस्किटाच्या पुड्याची पिशवी अडकवलेली, अशी जिना चढत होते. तेवढ्यात वरून बापूनं हाक मारली, आपा लवकर या, हे बघा. मी जिन्यातूनच ओरडले, "हातातलं ठेवते, मग येते."

आणि तिथंच उभी राहिले.

हे वाक्य आमच्या घरात दिवसातून किती वेळा बोललं जातं त्याची गणती नाही. अम्मी बोलते, अब्बा पाना हातात असताना बोलतात. घरी आम्ही ते दखनीत बोलतो, बापूच्या घरी मराठीत बोलतात, पण बोलतात सगळेच. त्याच्यात नाही म्हणणं नाही. येणारच आहे, पण हातातलं आधी. आणि बोलावणारापण वाट बघतो, दुसऱ्या कुणाला हाक मारत नाही. डोक्यावर ओझं असलेल्या बाईला तर आपल्याकडं कुणी रस्त्यात बोलायलापण थांबवत नाही. उतरवून ये म्हणतात.

मी वर गेले, कप ठेवले आणि वर्कर रिकामा कधी धरायचा ती ओळ उघडली. तोडत असेल, खोदत असेल, बांधत असेल, तर तो कामात. बाकी सगळ्या वेळी रिकामा. चालत असेल तरी रिकामा. डोक्यावर पाटी घेऊन चालत असेल तरी रिकामाच. ती ओळ पुण्याच्या एका जुन्या गेममधून उचलून आणलेली होती. त्या गेममध्ये माणसं ओझी वाहतच नव्हती, तिथं ती बरोबर होती. आम्ही ती तशीच ठेवली होती, इथं बसून, जिथं अर्धं काम चालण्यातच असतं. मला इतका राग आला की मी बापूवरच ओरडले. तो बिचारा बिस्किट खात होता.

मग ती ओळ आम्ही नव्यानं लिहिली. ओझं घेऊन चाललेला माणूस रिकामा नाही. त्याला हाक मारली तर तो येतो म्हणतो, त्याची जागा त्याच्या नावानं राखून ठेवायची, तो आधी कोठारात ओझं टाकतो आणि मग येतो. फार लांब असेल तर मात्र जागा राखायची नाही, दुसरा बघायचा. सगळ्यात चांगला मदतनीस कोण, तर आत्ताच ओझं उतरवून कोठारातून बाहेर पडलेला. त्याचे हात मोकळे असतात आणि तसाही तो रानाकडं निघालेला असतो. वाटेत विहिरीला हात लावून गेला तर कुणाचं काही बुडत नाही.

चालू केलं. विहीर झाली. कोठारात ज्वारी होती. वस्ती उठली नाही. आम्ही दोघं स्क्रीनकडं बघत बसलो आणि चहा गार झाला. मी बापूला म्हटलं, बघ, सावड खोटी नव्हती, आपली माणसं बावळट होती. तो म्हणाला, "माणसं न्हाई आपा, आपुन."

त्यानंतर बापूच्या अंगात आलं. त्याची माणसं मुक्काम टाकतात तेव्हा कसं होतं ते त्यानं मला खुर्च्या मांडून दाखवलं. मेंढरं रात्रीच्या मुक्कामाला जाळीच्या कुंपणात घालतात, त्याला वाघर म्हणतात. एका बाजूची मेख ठोकून झाली की ठोकणारा तिथं उभा राहून बघत नाही, पुढच्या बाजूला गेलेला असतो. शेवटचा दोर आवळायला एकच माणूस उरतो. आम्ही तेच घेतलं. इमारत संपत आली की एकेकानं आधीच निघायचं, शेवट एकानं करायचा. आणि पुढच्या इमारतीचं सामान जमत आलं की जाणाऱ्यानं आधीच चालायला लागायचं, म्हणजे सामान पुरं होतं तेव्हा हा तिथं पोचलेला असतो. ऐकायला बारीकसारीक गोष्टी आहेत. या खेळात बारीकसारीक गोष्टींवरच हारजीत होते.

बापूनं आणखी एक नियम घातला, तटबंदीचा. तो मला तेव्हा फारसा महत्त्वाचा वाटला नव्हता. मी म्हटलं, घाल तुला हवं तर.

ठरल्या दिवशी सर आणि मॅडम आले. गॅरेजसमोर सरांची गाडी लागली. मॅडमनी जिना चढताना कठड्याला हात लावला आणि हाताला ग्रीस लागलं. मला वाटलं, झालं, इथंच हरलो. पण त्या नुसत्या हाताकडं बघून हसल्या. खाली कुणीतरी घण मारत होतं. सरांनी विचारलं, हे थांबवता येईल का. मी म्हटलं, नाही सर, तेपण कामच आहे.

दोन स्क्रीन शेजारी ठेवल्या. डावीकडं बेंगळुरूचा कोड, उजवीकडं आमचा. नकाशा तोच, कोरडा, आपल्याकडं असतो तसा, पाणी एका कोपऱ्यात आणि दगड दुसऱ्यात. आधी विहीर, मग कोठार मोठं करायचं, मग भट्टी आणि शेवटी तटबंदी. तटबंदी पूर्ण झाली आणि सगळी माणसं आत असली की वस्ती उभी राहिली असं धरायचं, कारण त्यानंतर दरोडेखोर येतात. दोन्हीकडं कुणी माऊसला हात लावायचा नाही.

बेंगळुरूवाल्यांची पद्धत वेगळी होती. त्यांनी काही माणसं फक्त बांधकामालाच ठेवली होती, एक गँग. बाकीच्यांनी आणायचं, गँगनं बांधायचं. त्यांची विहीर सरळ उठली. आमची अजून अर्धी होती. आमचा एकेक जण येतो येतो म्हणत आधी कोठाराकडं जात होता. सर माझ्याकडं बघेनात. मॅडम डाव्या स्क्रीनकडं जरा पुढं झुकून बघत होत्या. बापूचं एक पाऊल सारखं हलत होतं, आणि या वेळी मी त्याच्यावर पाय दिला नाही.

"तुमची माणसं जरा निवांत दिसतायत," मॅडम म्हणाल्या.

"निवांत नाहीत मॅडम. हातातलं ठेवून येतायत."

त्यांना ते कळलं नसावं. मला समजावून सांगायचं होतं, पण मी गप्प बसले. जे स्क्रीनवर दिसणार होतं ते तोंडानं सांगून उपयोग नव्हता.

मग डावीकडं दगड संपला. गँगनं विहीर बांधून टाकली होती, पण कोठाराला दगड आणणारी माणसं कमी, कारण गँग काही आणत नाही. गँग जाऊन जागेवर उभी राहिली. हात बांधून. उजवीकडं आमची विहीर उशिरा झाली, पण तोवर दगड येतच होता, एका पाटीचंपण येणं थांबलं नव्हतं. कोठाराला लागणारा माणूस दगडाच्या आधी तिथं पोचलेला. कोठार आमचं आधी झालं. आणि कोठार मोठं झालं की सामान लवकर उतरतं, माणसं लवकर मोकळी होतात, मग पुढचं आपोआप वेग घेतं. भट्टीला आम्ही पुढं गेलो. सरांनी खुर्ची पुढं ओढली. खालचा घण मला ऐकूच येईनासा झाला होता.

तटबंदीला बेंगळुरूवाले परत जवळ आले. मानलं पाहिजे, गँगचे हात तयार होते. भिंत म्हणजे एकच काम, एकाच ठिकाणचं, तिथं त्यांची पद्धत चांगली चालते. त्यांचा दगड जमलेला, गँग सगळी भिंतीला. आमचे एकेक सुटून जात होते आणि भिंत दोघं तिघं बांधत होते. अंतर कमी होत गेलं, आणि मग त्यांचा शेवटचा दगड आमच्या आधी बसला. डावीकडं भिंत पूर्ण.

सरांनी श्वास सोडला. मी बापूकडं बघितलं नाही. मला बघवलं नसतं.

पण डावीकडं वस्ती उभी राहिल्याचा आवाज आला नाही. भिंत पूर्ण, आणि नुसती शांतता. मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवलं. गँग बाहेर होती. सगळीच्या सगळी. बाहेरून दगड रचत रचत त्यांनी शेवटची फट बाहेरूनच बुजवली होती, आणि आता सगळे भिंतीच्या कडेनं रांगेत फिरत होते, दार शोधत. दार नव्हतंच.

उजवीकडं आमचा एकच माणूस उरला होता. तो फटीतून आत आला, वळला आणि आतून शेवटचा दगड बसवला. वस्ती उभी राहिल्याचा नगारा वाजला.

मॅडम हसायला लागल्या, अगदी खळखळून, आणि सरपण हसले. हसून झाल्यावर मॅडमनी विचारलं, "तुमचा माणूस आत आला कसा? हे कुणी लिहिलं?"

बापूनं हात वर केला, शाळेत करतात तसा. "मी. वाघर बांधताना शेवटची गाठ आतून मारायची असती मॅडम. बाहेरून मारली तर मेंढरं आत, आपुन बाहेर, अन् भाकरीबी आत. आमच्यात हे ल्हान पोराला बी सांगाय लागत न्हाई."

तो लाजत वगैरे अजिबात नव्हता. मस्त ताठ बसून सांगत होता. माझा ऊर भरून आला, खरंच. मी मान फिरवून खिडकीतून बाहेर बघितलं.

मॅडमनी आणखी दोनदा चालवायला लावलं, वेगळ्या नकाशांवर. क्लायंट माणूस, एकदा बघून विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. एका नकाशावर बेंगळुरूची गँग आत राहिली आणि ते जिंकले. मी ते लपवत नाही, त्या नकाशात दगड दाराशीच होता. दुसऱ्यावर आम्ही एवढ्या लवकर संपवलं की चहा यायचा होता. मग मॅडम त्या पाटीवाल्या बाईच्या मागं लागून बसल्या, बापूसारख्याच. बाईला विहिरीवर बोलावणं आलं. ती चालत राहिली, कोठारात गेली, पाटी उतरवली, बाहेर आली आणि विहिरीकडं वळली.

"हे तुम्ही म्हणत होतात ते," मॅडम म्हणाल्या. "हातातलं ठेवून."

"हो."

"या नियमाला नाव काय दिलंय?"

मी म्हटलं, नाव नाही दिलेलं, घरात रोज बोलतो तेवढंच. त्यांनी मान हलवली आणि सरांना सांगितलं की बेंगळुरूला मी कळवते. वर्करचा भाग इथंच राहील. पुढच्या गेमचापण इथूनच करून घ्यायचा. एवढं बोलून त्यांनी बिस्किट घेतलं. इतक्या दिवसांची धडपड आणि निकाल असा एका बिस्किटावर लागला.

बापू उठून म्हणाला, आलोच, आणि जिन्यात गेला. फोन करत होता आईला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, फक्त शेवटी "न्हाई, न्हाई जात कुठं" एवढं ऐकू आलं.

निघताना मी खालपर्यंत सोडायला गेले. मॅडम गाडीत बसल्या. अब्बा हात पुसत आले आणि सरांना म्हणाले, "साहब, गाडी जरा आगे लेव, ट्रॅक्टर अंदर लेना हाय." मी मेले शरमेनं. सरांनी हसत गाडी पुढं घेतली, काच खाली केली आणि मला जवळ बोलावलं. घसा न खाकरता बोलले, म्हणजे बातमी चांगली होती. पुण्यात गेमप्ले टीमला लीड नाहीये. लीड म्हणजे सगळ्या प्रोग्रामरांच्या वरची जागा. मी ती घ्यावी. मोठी टीम, मोठी कामं. ही खोली बापू सांभाळेल की आता.

खरं सांगते, बरं वाटलं. मी पुण्यात असताना त्याच जागेसाठी जीव टाकत होते. वरून बापूच्या कीबोर्डचा आवाज येत होता. त्याच्या शेजारी मी तिसरं टेबल टाकायचं ठरवलं होतं, आष्टीतलीच आणखी एक मुलगी बघून ठेवली होती, आणि पुढच्या गेमचे वर्कर अजून कागदावरपण नव्हते.

"हातातलं ठेवते सर," मी म्हटलं, "मग येते."

सरांना ते कळलं आणि ते मान हलवत निघून गेले.

तो गेम आता बाजारात आहे. नाव सांगायला करारात मनाई आहे, पण खेळत असाल तर ओळखाल. खेळणाऱ्यांची एक तक्रार कायम असते, की वर्करला बोलावलं तर लगेच येत नाही, आधी दुसरीकडंच जातो. त्याचं उत्तर बापू लिहितो, आणि दर वेळी एकच लिहितो, त्याच्या हातात काय आहे ते बघा. तिसऱ्या टेबलावर ती मुलगी रुळली आहे, चौथ्यासाठी जागा मोजून झाली आहे. सर मधूनमधून फोन करतात आणि विचारतात, ठेवलं का हातातलं?

अजून नाही.